आधी तोल, मग वेग

(व्याख्यानमालेतील तिसरं पुष्प. विषय : न्यूझीलंडमधील कयाक शर्यती. व्याख्यानाचा संपादित मजकूर.)



कृष्णाकाठच्या माणसांपुढे वल्ह्याविषयी बोलायचं म्हणजे धाडसच. सांगलीत कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यती लागल्या की काठावर पाय ठेवायला जागा उरत नाही. कोणाची होडी कुठे वळली आणि कुठे मागे पडली, हे तुम्ही मला शिकवाल. तेव्हा आज होडीचं बोलणार नाही. पन्नास-बावन्न लाख वस्तीचा न्यूझीलंड कयाकच्या शर्यतीत जगाला मागे कसा टाकतो, एवढाच माझा विषय. माझ्या मते त्याचं उत्तर त्या नावेतच आहे, म्हणून आधी नाव पाहू.

एका माणसाच्या शर्यती कयाकला के-वन म्हणतात. लांबी जास्तीत जास्त ५.२० मीटर, वजन कमीत कमी १२ किलो. शर्यतीनंतर नाव काट्यावर चढवतात आणि वजन कमी भरलं तर निकाल बाद. तळ गोलसर आणि इतका अरुंद, की नवखा माणूस बसला की पाण्यात पडलाच म्हणून समजा. तो वल्हं मारायला लागला म्हणजे पडतो असं नाही, नुसता बसला तरी पडतो. त्यामुळे पहिले कित्येक दिवस शिकायचं ते एकच : बसणं. दंडात कितीही बळ असो, तोल नसेल तर ते बळ पाण्याला लागतच नाही, सगळं स्वतःला सावरण्यात खर्च होतं.

आता वल्हं. कयाकमध्ये तोंड पुढे करून बसायचं आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. बघणाऱ्याला वाटतं, हा हातांचा खेळ. नावेच्या आत डोकावलं तर वेगळंच दिसतं. पायांपुढे एक पाटी, पावलांवरून पट्टा आणि दोन्ही पावलांच्या मधोमध सुकाणूची बारीक दांडी. उजवं पातं पावलाच्या रेषेत पाण्यात बुडतं, त्याच क्षणी उजवा पाय पाटीवर जोर देतो, कंबर वळते, कंबरेबरोबर पाठ वळते आणि पातं कंबरेशी येताच पाण्याबाहेर निघतं. हाताचं काम मोटेच्या नाड्याएवढं. ओढ बैलांची, नाडा ती फक्त पोचवतो. १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये पंखाच्या आकाराचं, खोलगट पातं निघालं. ते सरळ मागे न ओढता बाहेरच्या बाजूला सरकवायचं असतं. त्यामुळे तर धड वळवल्याशिवाय भागेनासंच झालं.

शर्यतीची अंतरं आहेत २००, ५०० आणि १००० मीटर. नऊ लेन, प्रत्येक लेन नऊ मीटर रुंद. नावेचं टोक एका खोबणीत अडकवलेलं असतं. इशारा होताच खोबण पाण्याखाली जाते आणि नावा सुटतात. २०० मीटर चाळीस सेकंदांच्या आत आटोपतं. ५०० मीटरला दोन मिनिटांहून थोडं कमी, आणि खरी परीक्षा तिथे. पहिले पन्नास मीटर नाव उठवायची, मग तिला लयीत बसवायचं आणि शेवटच्या दीडशे मीटरला, हातपाय जड झालेले असताना, ती लय मोडू द्यायची नाही. या दोन मिनिटांतली निम्म्याहून जास्त ऊर्जा प्राणवायूवर चालते. म्हणून दोन मिनिटांच्या शर्यतीसाठी तासन् तास संथ वल्हवावं लागतं.

हे सगळं चालतं कुठे? ऑकलंडच्या उत्तर किनाऱ्यावर टाकापुनाजवळ पुपुके नावाचं तळं आहे. ज्वालामुखीच्या विवरात साठलेलं गोडं पाणी. घरांच्या परसांना लागून असलेल्या या तळ्यावर देशाचे अव्वल कयाकपटू सराव करतात. प्रशिक्षक शेजारून मोटरबोटीत, हातात स्टॉपवॉच, तोंडाने वल्ह्यांची मोजदाद. कधी नावेभोवती रबरी दोरी गुंडाळतात. तिच्यामुळे पाणी नावेला धरून ठेवतं आणि प्रत्येक वल्ह्याला जास्त जोर लावावा लागतो. दोरी सोडली की नाव हलकी वाटते. पाण्याबाहेर आल्यावर व्यायामशाळेत ओढण्याचे व्यायाम आहेतच.

देशातल्या मोठ्या शर्यती होतात केंब्रिज गावाजवळ कारापिरोला. कारापिरो म्हणजे वायकाटो नदीवर वीजनिर्मितीसाठी १९४७च्या सुमारास बांधलेल्या धरणाचा जलाशय. एक विवर आणि एक धरण, दोन्ही मुळात शर्यतीसाठी केलेली नाहीत. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ज्यांनी पाहिला आहे, त्यांना असं पाणी आपल्याकडेही आहे हे वेगळं सांगायला नको.

ऋतूचीही एक अडचण. तिकडचा उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. घरच्या शर्यती संपतात तेव्हा युरोपचा हंगाम सुरू होतो आणि जागतिक स्पर्धा येते ऑगस्टमध्ये, म्हणजे यांच्या ऐन थंडीत. वर्षातून दोनदा शरीर टोकाला न्यायचं आणि दुसऱ्या वेळी तेही घरापासून अर्ध्या पृथ्वीवर.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार पडला. न्यूझीलंडचे चौघेच गेले. त्यांतले तिघे कयाकपटू : इयन फर्ग्युसन, ॲलन थॉम्पसन आणि जेफ वॉकर. पदक नाही मिळालं. चार वर्षांनी लॉस एंजेलिसला मात्र या खेळात न्यूझीलंडने चार सुवर्णं घेतली. तीन नावांत फर्ग्युसन होता, एकटा, पॉल मॅकडोनल्डबरोबर आणि चौघांच्या नावेत. चौथं थॉम्पसनचं. त्या वेळी सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी आणि हंगेरी आले नव्हते, म्हणून कोणी नाक मुरडलं. १९८८ला सोलमध्ये सगळे आले आणि फर्ग्युसन-मॅकडोनल्ड जोडीने ५०० मीटर पुन्हा जिंकून दाखवलं.

आणि मग लिसा कॅरिंग्टन. जन्म १९८९, वडिलांकडून माओरी, बालपण ओहोपेच्या समुद्रकिनाऱ्यावर. २०१२, २०१६ आणि टोकियो, तिन्ही ऑलिंपिकमध्ये २०० मीटरचं सुवर्ण. त्यानंतर महिलांची ही शर्यत ऑलिंपिकमधून काढूनच टाकली. एखादी तिथेच थांबली असती. ही तर टोकियोतच ५०० मीटरची एकटीची आणि दोघींची शर्यतही जिंकून चुकली होती आणि एकटीपुरतं न पाहता चौघींच्या नावेतही बसली होती. टोकियोत ती नाव चौथी आली होती. पॅरिसला २०२४च्या ८ ऑगस्टला अलिशिया हॉस्किन, ऑलिव्हिया ब्रेट आणि तारा वॉन यांच्याबरोबर तिने तीच शर्यत जिंकली, ९ तारखेला हॉस्किनबरोबर दोघींची, १०ला एकटीची. एकूण आठ ऑलिंपिक सुवर्णं. चौघींच्या नावेत वेग कमी पडला तर एकीने जास्त ताकद लावून भागत नाही. चौघींची पाती एकाच क्षणी पाण्यात पडावी लागतात. जगातली सर्वांत वेगवान बाई असली तरी तिला आपला वेग बाकीच्या तिघींच्या लयीत मुरवावा लागतो.

कॅरिंग्टनची खरी कसोटी मात्र घरचीच. एमी फिशर ही न्यूझीलंडच्याच हॉक्स बे भागातली खेळाडू. राष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रमाच्या वातावरणाशी तिचं जमलं नाही, टोकियोआधी ती बाहेर पडली, स्वतंत्र सराव केला आणि २०२१मध्ये ५०० मीटरची जगज्जेती झाली. मे २०२४मध्ये पोझनानच्या विश्वचषकात तिने कॅरिंग्टनला हरवलं, १ मिनिट ४६.१९ सेकंदांच्या जागतिक विक्रमी वेळेत. अडीच महिन्यांनी पॅरिसच्या अंतिम फेरीत दोघी आल्या. कॅरिंग्टन पहिली, फिशर चौथी. एवढ्याशा देशातून एका शर्यतीत दोन जगज्जेत्या निघाव्यात आणि एकीने व्यवस्थेबाहेर राहूनही तिथवर पोचावं, याचा अर्थ मुळं पदकयोजनेपेक्षा खोल गेली आहेत.

ती मुळं कुठली? फर्ग्युसनच्या पिढीपासून कॅरिंग्टनपर्यंत यांतले कितीतरी जण समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवरक्षक मंडळांतून आले. हे स्वयंसेवकांचे क्लब. रविवारी लहान मुलं किनाऱ्यावर जमतात, लाट कशी ओळखायची, प्रवाहात सापडलं तर काय करायचं, बुडणाऱ्याला कसं आणायचं, हे शिकतात. लाटांवरची लांब अरुंद नाव, सर्फ स्की, वल्हवणं हा त्याचाच भाग. तिच्यावर तोल बसला की तळ्यातल्या कयाकला फारसं भ्यायचं कारण उरत नाही. म्हणजे तिथे शर्यत सर्वांत शेवटी येते. आधी पाण्याची ओळख, मग जीव वाचवण्याचं कसब, मग तोल आणि मग वेग.

आपल्याकडे हा क्रम उलटा आहे. आपल्याकडे गुणवत्ता नाही असं नव्हे. १९९४च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत सिजी सदानंदन आणि जॉनी रोमेल यांनी कयाकच्याच जातीतल्या कनूच्या शर्यतीत कांस्य मिळवलं, पुढचं पदक यायला हांगझोऊ उजाडलं, २०२३ साल : अर्जुनसिंह आणि सुनीलसिंह सलाम. मधल्या तीन दशकांत आपण खेळाडू शोधत राहिलो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८पासून नदीवर आहे, सांगलीच्या शर्यतींना तर लोकांचं प्रेम आहे. पण उन्हाळ्यात विहिरीत, बंधाऱ्यात, धरणात मुलं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. ज्या गावात शर्यतीला ढोल वाजतो, त्याच गावात पोहता न येणारी मुलंही असतात.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. ऑलिंपिक दर्जाचा ट्रॅक मागू नका. शर्यती भरवणाऱ्या मंडळांनी आपल्या गावच्या शाळेतल्या मुलांना पोहायला आणि बुडणाऱ्याला दोरी फेकायला शिकवण्याची जबाबदारी घ्यावी. बक्षिसाच्या रकमेतला काही भाग लाइफ जॅकेटांवर खर्च करावा. मुलींना शिकायला वेगळी वेळ नव्हे, मुलांचीच वेळ द्यावी. पाण्याला न घाबरणारी एक पिढी तयार झाली, तर तिच्यातून शर्यतीचे वीर निघतीलच. आणि समजा एकही पदक आलं नाही, तरी चार घरांतली मुलं घरी परत येतील. मला विचाराल तर हिशेब तिथेच पुरा होतो.