कमरपट्ट्याची वीण

(वाशिम जिल्ह्यांतील आमच्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत तरुण मंडळीच्या वतीनें केलेलें भाषण)



आपल्या ख्रिस्तमंदिराची घंटा ज्यांनीं पुष्कळ वर्षें वाजविली, त्या वृद्ध बाबांस या महोत्सवीं कांहीं भेट द्यावी, असें आम्हां तरुणांच्या मनांत आलें. शाली त्यांस आजवर पुरेशा मिळाल्या आहेत. त्यांच्या पेटींतील शालींस आतां कसर लागूं लागली आहे! म्हणून आम्हीं आपल्या हातांनीं एक कमरपट्टा विणला. कमरेस दोर बांधण्याची रीत आपणांस नवी नाहीं. लहान मुलाच्या कमरेस करदोडा असतो, आणि संत फ्रान्सिसच्या संघांतील बंधूंच्या कमरेस तीन गांठींचा दोर असतो. आमचा पट्टा मात्र निराळ्या दोरीचा आहे.

बाजारांत तिला ‘पॅराकॉर्ड’ म्हणतात, म्हणजे हवाई छत्रीची दोरी. १९३५ सालीं अमेरिकेंतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस कॅरोदर्स यांनीं नायलॉन तयार केलें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत जपानी रेशीम मिळेनासें झालें, तेव्हां हवाई छत्र्यांचें कापड व दोऱ्या या नव्या धाग्याच्या होऊं लागल्या. दोरी सुमारें चार मिलिमीटर जाड असते. बाहेर विणलेलें कवच आणि आंत सात ते नऊ बारीक दोर. अस्सल असेल तर ती ५५० पौंड, म्हणजे सुमारें २५० किलो, ताण सोसते. त्याच नांवानें हलका मालही विकला जातो. टोंक कापून पाहावें. आंत नुसता पिंजलेला धागा निघाला, तर ती दोरी घेऊं नये. आमची पहिली खरेदी अशीच फुकट गेली.

माप बाबांच्या नकळत घ्यावयाचें होतें. म्हणून त्यांचा जुना चामडी पट्टा नातवाकडून एका दुपारपुरता मागून आणला. कंबर चौतीस इंच. एक इंच विणीस सुमारें एक फूट दोरी लागते. पट्ट्याचें टोंक व मधल्या दोऱ्या धरून पन्नास फूट लागली. ती आधीं भिजवून वाळविली, कारण पहिल्या पाण्यांत नायलॉन आटतें. मग दोन दोऱ्या मध्यें ताणून बांधल्या. डाव्या बाजूची दोरी त्यांच्यावरून नेऊन उजवीखालीं धरावयाची. उजवी मधल्या दोऱ्यांखालून आणून डावीकडच्या फांसांतून वर काढावयाची, आणि दोन्ही घट्ट ओढावयाच्या. पुढची गांठ उजवीकडून. हा क्रम चुकला कीं पट्टा मळसूत्रासारखा पिळवटतो. एका रात्रीं गप्पांच्या भरांत आम्ही सारखे डावीकडूनच विणीत राहिलों, व दोन संध्याकाळींचें काम उसवावें लागलें.

पट्टा झाला, त्यासोबत देण्यास आम्हीं एक चिठ्ठी लिहिली: “संकटसमयीं हा उसवून दोर करावा, विहिरींत माणूसही उतरवितां येईल.” ती चिठ्ठी आमच्यांतील एका आजोबांनीं वाचली. अंबाडी पाण्यांत कुजवून, तिचा वाख काढून, पोळ्यासाठीं बैलांचीं दावीं व कासरे वळण्यांत त्यांचें आयुष्य गेलें आहे. आतां आपल्याकडे सोयाबीन सर्वत्र, आणि अंबाडी बांधावर भाजीपुरती उरली आहे. परंतु दोराची पारख त्यांच्या बोटांतून गेलेली नाहीं.

“पोरांनो, भार निराळा आणि हिसका निराळा,” ते म्हणाले. सत्तर किलोचा माणूस स्वस्थ लोंबकळला तर त्याचा भार सत्तरच. पण तो चार फूट घसरून एकाएकीं अडला, तर दोरावर त्याच्या कित्येक पट ताण येतो. गांठ मारली कीं दोराची ताकद निम्म्यापर्यंतही उतरते. उन्हानें नायलॉन झिजतें तें वेगळेंच. शिवाय चार मिलिमीटरची दोरी वरच्या माणसाच्या तळहातास कापीत जाते. त्यानें ती सोडली, कीं खालचा गेला.

मग त्यांनीं विचारलें, “हें उसवायला किती वेळ लागतो?” आम्हीं घड्याळ लावून एक तुकडा उसवून पाहिला, त्या हिशेबानें सबंध पट्ट्यास अर्धा तास लागला असता. बुडणारा तितका वेळ थांबत नाहीं. क्रोशाच्या सांखळीसारखी वीण एका ओढींत सुटते, हें आमच्या भगिनींनीं तेथल्या तेथें करून दाखविलें. तथापि ती कमरेस सैल बसते, म्हणून पट्टा आम्हीं तसाच ठेवला आणि चिठ्ठी फाडली. शेतांत उपयोगी पडावी म्हणून दिलेली वस्तु आमच्याच दोन ओळींनीं एखाद्याच्या जिवावर उठली असती, हें आठवून अजूनही आम्हांस संकोच वाटतो.

नव्या चिठ्ठींत एवढेंच आहे: भारा बांधावा, बोचकें आवळावें, विहिरींत पडलेली बादली काढावी, माणसाचा भार यावर टाकूं नये.

उरलेली दोरी बाबांनीं परवा आमच्याकडून मागून नेली आणि घंटेस लावून पाहिली. नायलॉन ताणतें, हात खालीं आला, घंटा मात्र जागची हलली नाहीं. आज सकाळीं आपण जी घंटा ऐकली, ती त्यांनीं पुन्हा जुन्या अंबाडीच्या दोरानेंच वाजविली आहे.