पदवीनंतरची दोन वर्षे
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक. मी चिपच्या शिक्षणावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण माझ्याच एका चुकीमुळे मला हा विषय समजून घ्यावा लागला.

आमची एक माजी विद्यार्थिनी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर झाली. 'गेट' परीक्षेत तिला चांगले गुण मिळाले. एम.टेक. करून चिपची रचना शिकावी, अशी तिची इच्छा. वडील माझ्याकडे सल्ल्याला आले. "आणखी दोन वर्षांचा खर्च कशाला? नोकरी करू द्या," असे सांगून मी मोकळा झालो. मुलीने निमूटपणे ऐकले.

पुढे चौकशी केली, तेव्हा माझे अज्ञान मला कळले. १९५८ साली जॅक किल्बी यांनी पहिले इंटिग्रेटेड सर्किट करून दाखविले. १९७१ च्या इंटेल ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज नखाएवढ्या चिपवर अब्जावधी मावतात. संगणकाच्या विशिष्ट भाषेत रचना लिहायची, ती पुनःपुन्हा तपासायची, मग सिलिकॉनवर काय कोठे बसेल याचा आराखडा करायचा, असे हे काम. चिप तयार झाल्यावर चूक खोडता येत नाही. म्हणूनच पदवीनंतरही तालीम लागते.

त्यासाठी परदेशीच जावे लागते असेही नाही. मुंबईच्या आय.आय.टी.त रचलेला 'अजित' हा प्रोसेसर मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत चिपवर उतरला. २०१९ मध्ये तो जाहीर झाला.

आणि खर्च? 'गेट'द्वारे आय.आय.टी.सारख्या संस्थेत प्रवेश मिळाल्यास विद्यावेतन मिळू शकते. अलीकडच्या वर्षांत ते दरमहा १२,४०० रुपये राहिले आहे. त्याबद्दल आठवड्यास आठ तास अध्यापनात मदत करावी लागते. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून परीक्षेस बसता येते. मुलींना अर्जाची फी निम्मी असते. गुण तीन वर्षे ग्राह्य धरतात.

हे शेवटचे वाक्य वाचले आणि मी उठून त्या मुलीच्या घरी गेलो. तिच्या वडिलांसमोर माझा सल्ला मागे घेतला. तिचे गुण अजून एक वर्ष चालणार आहेत. ती अर्ज भरीत आहे.

पालकहो, "नको" म्हणण्यापूर्वी जाणकाराला विचारा. विद्यार्थी मित्रांनो, गणित आणि भौतिकशास्त्राचा कंटाळा करू नका. आणि आम्हा शिक्षकांना जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही असे म्हणण्याचे धैर्य आम्हीही दाखवू.