मान्यता कोणाला आणि कशासाठी?

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनांना तेथील राज्यसंस्थेने कशी मान्यता दिली, हा आजचा विषय आहे. सरकारी मान्यता कृपा म्हणून येत नाही. ती झगडून मिळवावी लागते; आणि मिळाल्यावरही ती कोणाला मिळाली व कोणाला नाकारली गेली, हे डोळसपणे पाहावे लागते.

या संघटनेचा उगम एका अपमानात आहे. मिसुरी राज्यातील वृत्तपत्र-संघटनेच्या अध्यक्षाने साऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या चारित्र्यावर चिखलफेक करणारे पत्र लिहिले. त्यावर जोसेफिन सेंट पिएर रफिन यांनी १८९५ साली बोस्टन येथे परिषद भरवली. पुढच्याच वर्षी नॅशनल असोसिएशन ऑफ कलर्ड विमेन स्थापन झाली. मेरी चर्च टेरेल तिच्या पहिल्या अध्यक्षा.

गुलामगिरीत जन्मलेल्या आईबापांची कन्या मेरी मॅक्लिऑड बेथ्यून यांनी ५ डिसेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेनची स्थापना केली. विखुरलेल्या राष्ट्रीय संघटनांनी सरकारपुढे एका आवाजात बोलावे, हा तिचा हेतू होता. पण ऐकणाऱ्याने कान द्यावा म्हणूनही लढावे लागले. १९४१ साली युद्धखात्याने स्त्रीसंघटनांची बैठक बोलावली, तेव्हा या कौन्सिलला वगळण्यात आले. बेथ्यून यांनी युद्धमंत्री स्टिम्सन यांच्याकडे जाहीर निषेध नोंदवला आणि त्यानंतर सल्लागार मंडळात कौन्सिलला जागा मिळाली. १९४२ साली स्त्रियांच्या लष्करी दलात अधिकारीपदाच्या प्रशिक्षणासाठी निवडलेल्या पहिल्या ४४० जणींत ४० कृष्णवर्णीय होत्या. त्यांच्या तुकड्या मात्र वेगळ्याच ठेवल्या गेल्या. दार उघडले, पण आतली भिंत तशीच राहिली. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची सनद तयार होत असताना बेथ्यून तेथे उपस्थित होत्या; परंतु स्वतःच्या कौन्सिलच्या नव्हे, तर एन.ए.ए.सी.पी. या संघटनेच्या प्रतिनिधी म्हणून.

आता याच राज्यसंस्थेचे दुसरे रूप पाहा. रोझा ली इनग्रॅम ही जॉर्जियातील वाट्याने शेती करणारी विधवा. एका गोऱ्या शेजाऱ्याच्या मृत्यूबद्दल १९४८ साली तिला व तिच्या दोन अल्पवयीन मुलांना देहदंड सुनावण्यात आला. लोकक्षोभामुळे तो जन्मठेपेवर आला. तिच्या सुटकेसाठीच्या स्त्रियांच्या समितीचे नेतृत्व वृद्ध टेरेलबाईंनी केले. १९५१ साली लुईस थॉम्पसन पॅटरसन आदींच्या पुढाकाराने 'सोजर्नर्स फॉर ट्रुथ अँड जस्टिस' ही संघटना उभी राहिली आणि शंभराहून अधिक स्त्रिया गाऱ्हाणी घेऊन वॉशिंग्टनला गेल्या. सरकारने त्यांचीही दखल घेतली, पण ती गुप्त पोलिसांच्या दप्तरात! वर्षभरातच संघटना मोडली. कृष्णवर्णीय कष्टकरी स्त्री वर्ण, वर्ग आणि लिंग अशा तिहेरी जोखडाखाली आहे, असे १९४९ साली मांडणाऱ्या कम्युनिस्ट नेत्या क्लॉडिया जोन्स यांना तुरुंगवास घडला आणि १९५५ साली त्यांना देशाबाहेर घालवण्यात आले. इनग्रॅमबाई सुटल्या त्या १९५९ साली.

कष्टकरी स्त्रीच्या दृष्टीने मान्यतेचा खरा कस कायद्यात लागतो. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यातून घरकामगार वगळल्या गेल्या होत्या. दक्षिणेतील कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी कितीएकींच्या पोटाचा तोच आधार होता. १९६८ साली अटलांटात डोरोथी बोल्डन यांनी घरकामगारांची संघटना बांधली. सभासद होणारीने मतदार म्हणून नाव नोंदवलेच पाहिजे, अशी तिची अट होती. अशा संघटनांच्या रेट्यामुळे आणि शर्ली चिझोम यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींच्या प्रयत्नांमुळे १९७४ साली किमान वेतनाचे संरक्षण घरकामगारांना लाभले. छत्तीस वर्षांनी!

त्याच १९७४ साली वॉशिंग्टनच्या लिंकन पार्कमध्ये बेथ्यून यांचा पुतळा उभारला गेला. १९८२ साली कौन्सिलची जुनी वास्तू राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली. चाळीस वर्षे कौन्सिलचे अध्यक्षपद सांभाळणाऱ्या आणि १९५२ साली दिल्लीत समाजकार्याचे अध्यापन करून गेलेल्या डोरोथी हाइट यांना २००४ साली संसदेचे सुवर्णपदक मिळाले. २०२२ साली संसद भवनात फ्लोरिडातर्फे बेथ्यून यांचा पुतळा बसला. गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतीचा पुतळा हलवून. हा विजय लहान नव्हे. त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही.

परंतु भगिनींनो, पुतळा उभारायला वेतन द्यावे लागत नाही. म्हणून सरकारने आपल्या संघटनेला पत्र दिले, समितीवर खुर्ची दिली, तर ती जरूर घ्यावी. मात्र खुर्चीवर बसलेल्या बाईला बाहेर उभ्या असलेल्या बाईचा विसर पडता कामा नये. ज्या मागणीमुळे पोलिसांचे दप्तर उघडते, ती मागणी पदरात पडेपर्यंत मान्यता अपुरीच आहे, एवढे या इतिहासातून आपण घेऊन जाऊ या.