साताऱ्याला परत मिळालेले राज्य

श्रोतेहो, १९५१ साली ‘मर्मयोगी’ नावाचा तामिळ चित्रपट निघाला. एम. जी. रामचंद्रन त्यात राजपुत्र. गादी दुसऱ्याने बळकावलेली. हा रानात राहून माणसे जमवतो आणि अखेर राज्य परत मिळवतो. तेथे चित्रपट संपतो. आपल्याकडे राज्य परत मिळालेला एक राजा खरोखरच होऊन गेला, पण त्याची गोष्ट तेथे संपली नाही. तिचा आरंभ मात्र पुण्याजवळच्या खडकीचा.

५ नोव्हेंबर १८१७. खडकीच्या माळावर बापू गोखल्यांनी घोडदळ घातले. बाजीरावसाहेब पर्वतीवरून पाहत होते! संगमावरची रेसिडेन्सी जळाली, पण एल्फिन्स्टन आधीच निसटला होता. वाटेतल्या दलदलीत घोडी रुतली, मोर दीक्षित पडले, हल्ला मोडला. बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

आता छत्रपती कोठे होते, हे विचाराल. प्रतापसिंह महाराज नावाचे राजे, सत्ता पेशव्यांची. बाजीरावाने त्यांना आधी वासोट्यावर ठेवले, मग पळताना बरोबर फिरवले. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीला गोखले धारातीर्थी पडले आणि महाराज इंग्रजांच्या हाती आले. त्याच वर्षी इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले.

गुरुजी, मुलांना १८१९ च्या तहातले एक कलम जरूर सांगा. राज्याबाहेरच्या कोणाशीही महाराजांनी परस्पर पत्रव्यवहार करायचा नाही! महाराजांनी पुढे शाळा काढली, महाबळेश्वराकडे रस्ता नेला, स्वतः दप्तर पाहिले. कारभार चोख होता, असे खुद्द इंग्रजांनीही म्हटले. पण दोरी त्यांच्याच हाती. १८३९ साली तेच कलम पुढे आले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधले, पलटणीतले शिपाई फितवले, असे आरोप झाले. तह मोडल्याची कबुली लिहून द्या, गादी राहील, असे गव्हर्नराने सुचवले.

एक सही, एवढेच काम. महाराजांनी ती केली नाही.

त्यांना काशीला नेले. तेथेच १८४७ साली ते वारले. गादीवर बसवलेले धाकटे बंधू शहाजी १८४८ साली गेले, तेव्हा डलहौसीने दत्तक नाकारून राज्यच खालसा केले. महाराजांचे वकील रंगो बापूजी मात्र विलायतेत दाद मागत बसले होते. एकदोन नव्हे, सुमारे चौदा वर्षे. ते रिकाम्या हातांनी परतले. १८५७ साली साताऱ्यात त्यांच्या मुलाला देहान्त शिक्षा झाली. रंगो बापूजींचा पुढे इंग्रजांना पत्ता लागला नाही.