थरावर थर चढणारा जर्मन केक

जर्मनीतल्या झाल्ट्सव्हेडेल गावाची ओळख म्हणजे बाउमकूखन. हा केक साच्यात नव्हे, आडव्या दांड्यावर भाजतात. उघड्या आचेपुढे दांडा फिरत राहतो आणि त्यावर पळीने पातळ पीठ सोडलं जातं. ते तांबूस झालं की पुढचा थर. कापल्यावर आत झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात.

हा केक जपानला पोहोचला तो युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात जपान्यांनी कैद केलेला जर्मन बेकर कार्ल युखाइम याने १९१९ मध्ये हिरोशिमाच्या एका प्रदर्शनात तो विकला. ते प्रदर्शन भरलं त्या इमारतीला आज जग अणुबॉम्ब स्मारक म्हणून ओळखतं.

घरी दांडा नसला तरी अडत नाही. जर्मन घरांतही गोल केकच्या डब्यातच काम भागवतात. लोणी, साखर आणि अंड्यातला पिवळा बलक छान फेसायचा. त्यात मैदा, कॉर्नफ्लोअर, बदामाची पूड घालायची आणि शेवटी फेटलेला पांढरा बलक हलक्या हाताने मिसळायचा. ओव्हनची फक्त वरची आच ठेवून एकेक पातळ थर दोन-तीन मिनिटं भाजायचा. इथे नजर हटवून चालत नाही, एक थर करपला तरी सगळा केक कडवट लागतो!

वरून आच देत थर चढवायची रीत गोव्याच्या बेबिंकातही आहे. तिथे मात्र नारळाचं दूध लागतं.

केक पूर्ण गार झाल्यावरच चॉकलेटचा लेप द्या आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी कापा.