थेंब खाली, गळती वर

परवा पार्किंगमध्ये गाडीखाली काळा डाग दिसला. मेकॅनिकने खाली वाकून बघितलं अन् म्हणाला, "मागचं क्रँक सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." सील स्वस्त असतं हो, मजुरी मारते! मी म्हटलं, दादा, दोन दिवस थांबा.

कारण तेल वरून खाली ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे जातं. थेंब पडतो तिथंच गळती असेल असं नाही. सगळ्यात वर ओलं कुठे आहे, ते शोधायचं.

थंड इंजिन डिग्रीझरने पुसलं, कोरडं केलं आणि संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारली. (आईची. ती अजून डबा शोधतेय.) पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणली. मागची बाजू डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून टॉर्च लावून मोबाईल आत घातला, व्हिडिओ काढला. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून पावडरीत एक काळी रेघ, थेट गिअरबॉक्सच्या जोडापर्यंत!

व्हिडिओ बघून मेकॅनिक हसला, म्हणाला, "पॅकिंग आणा." तासाभरात काम झालं. मी गाडीखाली पुठ्ठा ठेवलाय, रोज सकाळी बघतो. आज सहावा दिवस, अजून कोरडा आहे.