पिल्लाला वळण केव्हा आणि कुठे लावावे?



अंधेरीतल्या आमच्या गल्लीतले एक पिल्लू आम्ही घरी आणले. लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे चार महिने, त्याला खोलीतच कोंडून ठेवले. पुढे ते प्रत्येक पाहुण्याला बिचकू लागले आणि दिवाळीच्या फटाक्यांनी भेदरून आमच्याच मुलाला चावले. दोष पिल्लाचा नव्हता, आमचा होता.

स्कॉट व फुलर या शास्त्रज्ञांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, साधारण ३ ते १२ आठवडे हा पिल्लाची जगाशी ओळख होण्याचा काळ असतो. तो गेला की भीती घर करते. आठ आठवड्यांपर्यंत पिल्लू आईजवळच असावे. तेथेच माणसांचा हात लागू द्यावा. घरी आल्या दिवसापासून नाव, जागा व शी-शूची वेळ शिकवावी. मार नको, शाबासकी आणि खाऊ पुरे.

पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, म्हणून लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडू नये. परंतु कडेवर घेऊन जिना, बाजार, रिक्षा, स्टेशनचा पूल, छत्रीवाली माणसे जरूर दाखवावीत. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस चुकवू नये.

आमचे दुसरे पिल्लू असेच कडेवर हिंडले. ते आज कोणालाही भीत नाही, आणि त्याला कोणी भीत नाही.